साठवणीला ऊन

(दौंड येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

समोर बसलेल्या माझ्या गिऱ्हाइकांनो,

गिऱ्हाइकांनो म्हटल्याबद्दल रागावू नका. या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या लग्नपत्रिका मी जुळवल्या आहेत आणि उरलेल्यांचे कॉम्प्युटर उघडले आहेत. या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठी विद्वान माणसं बोलून गेली. यंदा संयोजकांनी दुकानदाराला बोलावलं, कारण आजचा विषय दुकानात घडलेला आहे. त्यात माझी एक चूकही आहे आणि ती सांगायला याहून योग्य जागा मला मिळणार नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, ते सर मराठी शिकवायचे हे तुम्हाला माहीत आहे. सुट्टीत ते मुलांना एक विचित्र गृहपाठ द्यायचे, हेही काहींना आठवत असेल: ‘आजीकडून दहा ओव्या लिहून आणा.’ देऊळगाव राजेपासून राहूपर्यंत, पाटस, वरवंड, कुसेगाव, जिथून जिथून पोरं शाळेला येत तिथून तिथून ओव्या यायच्या. कुणाच्या पाठकोऱ्या कागदावर, कुणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर. सर त्या स्वच्छ अक्षरात वह्यांत उतरवून घेत. १९९६च्या सुमारास त्या वह्या पिशवीत घालून ते माझ्याकडे आले. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान नवंच होतं. टायपिंग, डीटीपी, झेरॉक्स. मी दोन पावसाळे खपून सगळं टाईप केलं आणि फ्लॉप्यांवर भरून दिलं. देताना जे म्हणालो ते मला शब्दाशब्दानं आठवतं: “सर, आता हे कायमचं झालं. वह्या ठेवायची गरज नाही.”

सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. घर रंगवायला काढलं तेव्हा वह्या रद्दीत गेल्या.

मध्यंतरी सरांची धाकटी लेक बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन दुकानात आली. म्हणाली, “दादा, बाबांच्या ओव्या यात आहेत. काढून द्याल?” डब्यात तीसेक फ्लॉप्या, पाच-सहा सीड्या आणि मलमलीच्या फडक्यात बांधलेली एक हार्ड डिस्क. फडक्यात बांधण्याची पद्धत सरांची. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालात बांधलेले कागद त्यांनी एकदा पाहिले होते, तेव्हापासून मोलाची वस्तू ते तशीच बांधत.

आधी फ्लॉपीचं सांगतो. तरुण मंडळींना फ्लॉपी म्हणजे ‘सेव्ह’च्या बटणावरचं चित्र. साडेतीन इंची चौकोनी प्लॅस्टिकच्या घरात पॉलिएस्टरची पातळ चकती असते. तिच्यावर लोखंडाच्या संयुगाचा चुंबकीय लेप. लिहिणं म्हणजे त्या लेपाच्या बारीक बारीक ठिपक्यांची चुंबकी दिशा बदलणं. चकतीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळाचे १८ तुकडे, म्हणजे सेक्टर, आणि प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट. गुणाकार केलात तर १४,७४,५६० येतो. हीच ती १.४४ एमबीची फ्लॉपी. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठीच्या एका खुणेला साधारण एक बाइट लागायचा, म्हणजे एका फ्लॉपीत सातशे पानं मावायची. आज मोबाईलवर आलेल्या एका ‘शुभ सकाळ’ला ती जागा पुरत नाही.

फ्लॉपीचं धातूचं झाकण सरकवून आत बघितलं तर पहिल्या चार चकत्यांवर पांढुरके गोल डाग होते. बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात चपलांवर, पट्ट्यांवर, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर चढते तीच. बुरशी लेप खाते ते वेगळंच, पण खरा घात नंतर होतो. अशी फ्लॉपी घाईघाईनं ड्राइव्हमध्ये घातली की वाचणाऱ्या डोक्याला घाण चिकटते आणि त्याच डोक्याखाली गेलेली पुढची चांगली फ्लॉपी खरवडली जाते. घरात एकाला नायटा झाला म्हणजे टॉवेल वेगळा ठेवतात ना, तसंच हे. म्हणून प्रत्येक चकती बाहेर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, सुकवली आणि कोऱ्या फ्लॉपीच्या घरात बसवली. दर फ्लॉपीनंतर डोकं साफ. पोरगा म्हणाला, “पप्पा, एवढ्या वेळात चार मोबाईलचे डिस्प्ले बदलले असते.” हिशेबानं त्याचं बरोबर होतं.

आता ड्राइव्ह. दौंडच्या माणसाला हे समजवायला मला कॉम्प्युटर लागत नाही. बारामतीची छोटी लाईन ज्यांना आठवते त्यांनी मान हलवावी. रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. ती ब्रॉडगेज झाली, अंतर १,६७६ मिलिमीटर झालं. छोट्या लाईनीचे डबे त्या दिवशी मोडले नव्हते. चाकं होती, बाकं होती, खिडक्या होत्या. फक्त ते जिच्यावरून धावायचे ती वाट गेली. डबा शाबूत आणि प्रवास बंद. माझ्या डब्यातल्या निम्म्या वस्तूंचं तेच झालं होतं. सोनीनं फ्लॉपीचं उत्पादन २०११ मध्ये थांबवलं. जपान सरकारच्या नियमांत मात्र ‘अर्ज फ्लॉपीवर द्यावा’ अशी कलमं २०२४ पर्यंत शिल्लक होती. ती काढल्याची बातमी जगभर छापून आली तेव्हा लोक हसले. मी हसलो नाही. नियमात फ्लॉपी आहे म्हणजे कुठल्या तरी कचेरीत चालू ड्राइव्ह आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

माझ्या माळ्यावर तीन जुने ड्राइव्ह निघाले. त्यांतल्या दोनांचे पट्टे लोण्यासारखे झाले होते. तिसरा चालला. ग्रीसवीझल नावाचं हातभर वायरींचं एक छोटं सर्किट मिळतं. ते ड्राइव्हला जोडलं की चकतीवरचे चुंबकी चढउतार जसेच्या तसे टिपून घेता येतात आणि त्यांचा अर्थ नंतर सावकाश लावता येतो. एकेका वर्तुळावरून वीस-वीसदा फिरवलं. निम्म्याहून जास्त फ्लॉप्या पूर्ण वाचल्या गेल्या. पंचवीस वर्षांहून जुन्या, पत्र्याच्या डब्यात, दौंडच्या उन्हाळ्यात. मला खरंच कौतुक वाटलं. माध्यम म्हणून फ्लॉपी तिच्या बदनामीपेक्षा बरी निघाली.

फाईल उघडली आणि पडद्यावर काय आलं? रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं, उलटे कंस, मधेच एक टोपी. ओळीच्या ओळी. सरांची लेक शेजारी उभी होती, तिचा चेहरा उतरला. म्हणाली, “खराब झालं का हो सगळं?”

खराब काहीच झालं नव्हतं. मीच तसं टाईप केलं होतं. त्या काळी मराठी डीटीपीचं काम असंच चाले. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय आणि फॉन्टमध्ये त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली अक्षरं कोरलेली असायची. फॉन्ट काढला की खालचा सांगाडा उघडा. वास्तविक १९९१ सालीच भारतीय मानक ब्युरोनं इस्की नावाचा प्रमाणित संकेत जाहीर केला होता, पुण्याच्या सीडॅकनं तो वापरात आणला होता, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरी होती. पण छपाईच्या धंद्यात प्रत्येक फॉन्टवाल्याचा संकेत वेगळा. आम्हा डीटीपीवाल्यांनाही ते सोयीचं होतं, कारण माझ्याकडे टाईप केलेला मजकूर गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात नेता यायचा नाही. ही कबुली मी आज पहिल्यांदा देतोय.

मजकूर शाबूत आणि वाचता मात्र येत नाही, हे आपल्याकडे पहिल्यांदा झालेलं नाही. पेशवे दफ्तरात मोडी लिपीतले कोट्यवधी कागद आहेत. कागद उत्तम, शाई उत्तम. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडून ४५ खंड काढले, म्हणून आपल्याला त्यातलं काही माहीत तरी आहे. पुढे मोडी शाळेतून गेली आणि आज पणजोबांचं खरेदीखत हातात घेऊन माणूस मोडी वाचणाऱ्याच्या शोधात पुण्याला जातो. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये. मोडीला विस्मरणात जायला दोन पिढ्या लागल्या. माझ्या फॉन्टला पंधरा वर्षं पुरली.

जुना फॉन्ट एका बंद पडलेल्या छापखान्याच्या कॉम्प्युटरवर सापडला. खुणांचा तक्ता बनवला, पोरानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तिसऱ्या दिवशी पडद्यावर पहिली ओवी स्वच्छ देवनागरीत उभी राहिली. वेलांट्या थोड्या इकडेतिकडे होत्या. सरांच्या लेकीनं ती मोठ्यानं वाचली, मग चाल लावून म्हटली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, त्यानंही काही म्हटलं नाही.

आता ओव्यांवरच थोडा रेंगाळतो, कारण सर करत होते ते काम याच पुणे जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात राहिलेले गी पॉइतवाँ या दोघांनी आणि त्यांच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आधी हातानं लिहून, मग १९९०च्या दशकात कॉम्प्युटरवर विषयवार लावून. पुढे बर्नार बेल हे संगीताचे अभ्यासक त्यांना मिळाले आणि हजारो ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये गेल्या. त्यानंतर हा सगळा ठेवा पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे आला आणि २०१७ पासून तो टप्प्याटप्प्यानं सगळ्यांना ऐकायला मिळू लागला.

ध्वनिमुद्रण झालं ते डॅट नावाच्या टेपवर. चार मिलिमीटर रुंद फीत, डिजिटल आवाज. सोनीनं ती १९८७ मध्ये आणली आणि तिची यंत्रं बनवणं २००५ मध्ये थांबवलं. अठरा वर्षांचं आयुष्य, आणि ओव्यांचं ध्वनिमुद्रण त्या अठरा वर्षांच्या उत्तरार्धात झालेलं. या टेप कुणी कपाटात जपून ठेवल्या असत्या, नुसत्या जपून, तर त्या आज सरांच्या डब्यासारख्या झाल्या असत्या. त्या कपाटात राहिल्या नाहीत. टेपवरून डिस्कवर, एका संस्थेकडून दुसरीकडे, जुन्या संकेतातून युनिकोडमध्ये, असं त्यांचं सतत स्थलांतर होत राहिलं. म्हणून मुळशीच्या एखाद्या बाईचा आवाज आज मोबाईलवर लागतो.

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. ओवी मुळात कशावर साठवलेली होती? बाईच्या स्मरणात, हे खरं. पण ती बाहेर यायची जात्यावर. खुंटा हातात आला, घरघर सुरू झाली की ओळ आपोआप ओठावर. गावात पिठाची गिरणी आली, जातं परसात गेलं, आणि ओवी आठवणारी बाई समोर बसलेली असूनही ओवी निघेना. सरांच्या गृहपाठाच्या वेळी कितीतरी पोरं सांगायची, “आजी म्हणते, अशी बसल्या बसल्या आठवत नाही.” म्हाताऱ्या हातानं खुंटा धरल्यासारखं करायच्या, मग आठवायचं. जातं हा तिचा ड्राइव्ह होता.

आता तुम्ही सगळे जो प्रश्न विचारता तिकडे येतो. दुकानात रोज कुणीतरी विचारतं: “हे किती वर्षं टिकेल?”

सीडीचं आधी. शंभर वर्षं टिकेल असं खोक्यावर लिहिलेलं असायचं. घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीत माहिती एका रंगद्रव्यात असते. लेझरनं त्यात डाग जाळलेले असतात आणि मागे धातूचा आरसा असतो. रंगद्रव्याला ऊन सोसत नाही. लोक चकचकीत बाजूला ओरखडा पडू नये म्हणून जपतात आणि छापील बाजू कशीही टाकतात. खरं तर उलटं हवं. चकचकीत बाजूला एक मिलिमीटरहून जाड प्लॅस्टिकचं कवच आहे. छापील बाजूला वार्निशाचा पातळ थर आणि त्याखाली लगेच आरसा. तिथं बॉलपेननं ‘बाळूचे लग्न’ असं जोर देऊन लिहिलंत की बाळूच्या लग्नाला भोकं पडली. एका काळी कोऱ्या सीड्या बनवण्यात आपल्याकडची मोझर बेअर कंपनी जगात अग्रभागी होती. ती २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिच्या सीड्या माझ्याकडे अजून येतात आणि बऱ्याच वाचल्याही जातात. कंपनीपेक्षा माल टिकला, हे क्वचित घडतं.

हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकावर ‘दहा लाख तास’ असं काहीतरी असतं. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. लोकांना वाटतं आपली डिस्क ११४ वर्षं चालणार. तो आकडा तसा वाचायचा नाही, विम्यावाल्यासारखा वाचायचा. अशा पुष्कळ डिस्क एकत्र चालवल्या तर वर्षाला शंभरातली एकसुद्धा जेमतेम जाईल, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये लाखभर डिस्कच्या नोंदी तपासल्या तेव्हा तेवढंही खरं निघालं नाही. वर्षाला शंभरातल्या दोन ते चार बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी त्याहून जास्त. डिस्क पहिली काही वर्षं स्थिर राहते ही समजूतही त्या नोंदींत टिकली नाही. वय वाढेल तसं जाण्याचं प्रमाण वाढत होतं, माणसासारखंच. आणि ते मोजमाप झालं होतं वातानुकूलित खोल्यांत, अखंड विजेवर. आपल्याकडे भारनियमनाच्या वर्षांत दिवसातून तीनदा वीज जायची. डिस्कचं वाचणारं डोकं फिरत्या तबकडीच्या वर केसाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असतं, आणि त्याच क्षणी फीडर बंद. त्या वर्षांनी माझं दुकान चालवलं, म्हणून तक्रार करायचा मला अधिकार नाही.

पेन ड्राइव्ह आणि एसएसडी यांत फिरणारं काही नाही, म्हणून लोक निर्धास्त. त्यांच्यात माहिती म्हणजे सूक्ष्म खणांत कोंडलेला विजेचा भार आहे आणि तो हळूहळू झिरपतो. उष्णतेत लवकर झिरपतो. या धंद्यातल्या मानकानुसार घरगुती एसएसडी पूर्ण झिजेपर्यंत वापरली आणि मग वीज न देता ३० अंशांत ठेवली, तर तिनं एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे. नवी कोरी असेल तर पुष्कळ जास्त टिकते, घाबरू नका. पण मे महिन्यातली दौंडची माळ्यावरची खोली ३० अंशांची नसते, हे तुम्हीच मला सांगाल.

आकडे पुरे. माझं उत्तर आता असं असतं: ज्वारी किती वर्षं टिकते? माझी आजी दरवर्षी उन्हाळ्यात कणगीतली ज्वारी अंगणात ओतायची, दोन दिवस ऊन द्यायची, किडकं पाखडून काढायची, कडुनिंबाचा पाला घालून परत भरायची. साठवण हा शब्दच मुळी तिथला. पेवात टाकली आणि विसरली अशी ज्वारी कुणाची नव्हती. ज्याची होती त्याची गेली. कॉम्प्युटर आल्यावर आपण हे विसरलो, कारण तो कुजताना वास येत नाही.

आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या चमूनं १९६८ पासून तिथं बारा-तेरा हंगाम खोदकाम केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं निघाली, धान्याचे खड्डे निघाले, कणग्या ठेवायचे गोल चौथरे निघाले. तोंडाला तोंड लावून आडव्या पुरलेल्या मडक्यांत लहान मुलांची हाडं निघाली. भाजलेली माती एवढी टिकते! मी तिथली चित्रं पाहिली तेव्हा पहिला विचार धंद्याचा आला, की फ्लॉपीपेक्षा रांजण बरा. पण रांजण काय सांगतो? माणसं काय खात, मेलेल्या लेकराला कुठं पुरत, इथवर. त्या आयांनी कोणतं गाणं म्हटलं ते सांगत नाही. माती टिकली आणि भाषा गेली.

केडगावचं उदाहरण याच्या उलट आहे आणि ते आपल्या तालुक्यातलं आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. केडगावला त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून ते छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. मी खिळे जुळवणाऱ्यांच्या पुढच्या पिढीतला, म्हणून त्या बायकांबद्दल मला फार वाटतं. शंभर वर्षांनी ते पान उघडायला ड्राइव्ह लागत नाही, फॉन्ट लागत नाही, वीजही लागत नाही. उजेड आणि मराठी येणारा माणूस पुरतो. ज्याला कुणाला कागदाची टिंगल करायची असेल त्यानं आधी माझा डबा बघावा.

माझ्या डब्याचं झालं तसं जगात मोठमोठ्यांचंही होतं, एवढं एक सांगतो. नासानं १९६६ आणि १९६७ मध्ये चंद्राभोवती पाच यानं फिरवली, माणूस कुठं उतरवायचा ते बघायला. चंद्राच्या कडेवरून दिसणाऱ्या पृथ्वीचा पहिला फोटो त्यातल्या पहिल्या यानानं काढला. सगळं दीड हजार टेपांवर साठवलेलं. टेप राहिल्या, पण त्या वाचणारी फ्रिजएवढी यंत्रं भंगारात चालली होती. नॅन्सी इव्हान्स नावाच्या बाईंनी ती यंत्रं मिळवून आपल्या घराच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ठेवली. शेजारी काय म्हणाले असतील याची मी कल्पना करू शकतो, कारण माझी बायको माळ्याकडे बघून तेच म्हणते. २००८ मध्ये बंद पडलेल्या एका मॅकडोनाल्ड्सच्या इमारतीत काही लोकांनी ती यंत्रं पुन्हा चालू केली आणि तो फोटो पूर्वी कधी दिसला नव्हता इतका स्पष्ट निघाला.

आता व्यवहाराचं. तुमच्याकडे लग्नाची सीडी असेल, वडिलांचा आवाज असेल, गावच्या जत्रेचा हिशेब असेल, तर दरवर्षी एकदा बाहेर काढा. आमच्या घरी आता दिवाळीच्या साफसफाईत हे काम आहे. फाईल उघडते का बघायचं. उघडत असेल तर नव्या डिस्कवर एक नक्कल, जुनी फेकायची नाही. एक प्रत दुसऱ्या गावी, लेकीकडे, भावाकडे. १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातल्या कितीतरी घरांतले कागद एकाच सकाळी गेले. आपल्याकडे भीमा आहे. मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाईलमध्ये. आणि जे गेलं तर आयुष्यभर चुटपुट लागेल ते कागदावर छापून ठेवा. हे शेवटचं धंद्यासाठी सांगत नाही, झेरॉक्स कुठंही काढा.

सरांच्या डब्यातली हार्ड डिस्क चालू झाली नाही. सीड्यांपैकी दोन वाचल्या, त्यांत शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो आहेत. कुणाला हवे असतील तर द्यायला मी तयार आहे, त्या काळची केशभूषा बघून नातवंडं हसतील. ओव्या बाराशेच्या वर निघाल्या. त्या सगळ्या युनिकोडमध्ये आल्या आहेत, तीन घरांत तीन प्रती आहेत आणि एक प्रत छापून, बांधून इथल्या टेबलावर ठेवली आहे. जाताना बघा.

तिच्यात मधेमधे कोरी जागा दिसेल. एक सेक्टर वाचता आला नाही की ५१२ खुणा जातात, म्हणजे सात-आठ ओव्या. तिथं मी काही भरलेलं नाही. एकशे बेचाळिसाव्या पानावर भावाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बहिणीची एक ओवी आहे. पहिली ओळ पूर्ण आहे. दुसऱ्या ओळीत स्टेशनात गाडी येते आणि तिथं सेक्टर संपतो. भाऊ उतरला की नाही ते कळत नाही. वर गावाचं नाव कुसेगाव आहे, मुलाचा हजेरी क्रमांक सतरा. आज तो मुलगा पंचेचाळिशीच्या आसपास असेल. त्याची आजी हयात असण्याची शक्यता कमी आहे, पण त्याची आई, मावशी, आत्या असेल. कुसेगावची मंडळी समोर बसलेली मला दिसतायत. घरी गेल्यावर विचारा. बसल्या बसल्या आठवलं नाही, तर जात्याचा खुंटा हातात द्या. आठवलं तर दुकान सकाळी नऊपासून उघडं असतं.